‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’: भेद राखावा की सोडून द्यावा?

समास:
एका मृत्युपत्राच्या इंग्रजी मसुद्याचे मराठी भाषांतर नुकतेच माझ्याकडे तपासणीसाठी आले. त्यात ‘डिसइंटरेस्टेड’ साक्षीदारांना भाषांतरकाराने ‘निरुत्साही साक्षीदार’ करून टाकले होते. दोन गृहस्थ जांभया देत सह्या करीत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आले आणि हसू फुटले. पण चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. साक्षीदार कंटाळलेला असला तरी चालतो, त्याला त्या मालमत्तेतून काही मिळणार नसावे, एवढीच अपेक्षा असते. इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यानुसार तर साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला ठेवलेला वाटाच रद्द ठरतो.

गोंधळाचे मूळ ‘इंटरेस्ट’ या शब्दात आहे. त्याचा एक अर्थ रस आणि दुसरा हितसंबंध (तिसरा व्याज, तो तूर्त बाजूला ठेवू). रस नाही तो ‘अनइंटरेस्टेड’, हितसंबंध नाही तो ‘डिसइंटरेस्टेड’. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा असावा लागतो. पहिल्या प्रकारचा असला तर पक्षकारांचे कठीण आहे. म्हणून हा भेद काटेकोरपणे पाळला जावा, असे माझे मत आहे.

उंबरठा:
भेद सोयीचा आहे हे मान्य, पण तो मुळापासूनचा नाही. सतराव्या शतकात ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला, असाही वापर होता. पुढे अर्थांची अदलाबदल झाली. तेव्हा आज जो ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थाने वापरतो, तो अडाणी ठरत नाही, नकळत जुन्याच वाटेने चालतो. आपल्याकडे तरी काय झाले? गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘उदासीन’ हा भक्ताचा गुण म्हणून येतो. आज कोणाला उदासीन म्हटले तर तो गौरव समजेल का?

समास:
‘उदासीन’ हा तर माझ्याच बाजूचा पुरावा आहे. तो शब्द हातचा गेला, म्हणून ‘तटस्थ’ आणि ‘निःपक्षपाती’ यांच्यावर भार पडला, आणि त्यांतला एकही नेमका बसत नाही. स्वतःच्या मुलाच्या स्पर्धेचे परीक्षण करणारा बाप कसोशीने निःपक्षपाती राहू शकेल, पण ‘डिसइंटरेस्टेड’ कधीच होऊ शकणार नाही, कारण हा शब्द माणसाच्या वृत्तीविषयी नसून त्याच्या स्थानाविषयी बोलतो.

काटकोन:
बापाचे उदाहरण पटले. तरी एक अडचण राहतेच: नामरूपाचे काय? ‘डिसइंटरेस्ट’ हे नाम इंग्रजीत सर्रास ‘अनास्था’ या अर्थानेच येते आणि ‘अनइंटरेस्ट’ जवळजवळ कोणी लिहीतच नाही. विशेषणाला एक नियम आणि त्याच्याच नामाला दुसरा, असे किती दिवस चालवणार? शिवाय संदर्भ बहुधा पुरेसा असतो. पुढे ‘इन’ आले की रस नसल्याची गोष्ट, आणि साक्षीदार किंवा सल्लागार यांच्याआधी विशेषण म्हणून आले की हितसंबंध नसल्याची.

उंबरठा:
संदर्भ पुरेसा असता तर ते साक्षीदार निरुत्साही झाले नसते. इथे समास यांची बाजू मला मान्य करावी लागते, निदान कायद्याच्या कागदांपुरती. कथा-कादंबरीत मात्र मी कोणाचा कान धरणार नाही.

समास:
नामाचा मुद्दा मी सोडतो, विशेषणाचा नाही. भाषांतरात ‘ज्यांचा मालमत्तेत हितसंबंध नाही असे साक्षीदार’ अशी दुरुस्ती केली आहे. चार शब्द वाढले, पण जांभया थांबल्या.