कॅरी ग्रँटचे सिनेमे: डिस्कवरचं चित्र पारखायचं कसं?

धूसर_पडदा
जुन्या हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँट, त्याचे सिनेमे डिस्कवर जमवतोय. एकेका सिनेमाच्या तीन-तीन आवृत्त्या, आणि सगळ्यांवर ‘रिस्टोअर्ड’ छापलेलं. ‘शराड’च्या डीव्हीडीत चेहरे मेणाचे वाटतात, ब्लू-रेवर दाणे दिसतात. चांगली कुठली, आणि नेमकं बघायचं काय?

रीळ_क्र_४
दाणेवाली. ते फिल्मचेच कण आहेत. नॉइज रिडक्शनचा (दाणे पुसणाऱ्या फिल्टरचा) मारा केला की कणांबरोबर कातडीचा आणि कापडाचा पोतही पुसला जातो. जवळचा शॉट थांबवा. कानाजवळचे केस सुटे दिसतात का? कोटाचं विणकाम दिसतं, की नुसता राखाडी पट्टा? मग उजळ भिंतीसमोरचा गडद खांदा बघा. कडेला पांढरी रेघ असेल तर चित्र कृत्रिमरीत्या टोकदार केलंय. एवढ्यावर थांबू नका, चित्र चालू करा. कण सतत वळवळले पाहिजेत. भिंतीवर जागच्या जागी गोठलेले दिसले तर फिल्टर किंवा कॉम्प्रेशनची करामत समजा.

‘शराड’ (१९६३) मुद्दाम जपून घ्या. प्रिंटवरची कॉपीराइटची सूचना सदोष असल्याने तो अमेरिकेत तेव्हाच सार्वजनिक मालकीचा झाला. ‘हिज गर्ल फ्रायडे’च्या (१९४०) कॉपीराइटचं नूतनीकरणच झालं नाही. म्हणून कुणीही झिजलेल्या प्रिंटवरून डिस्क काढतो. ‘रिस्टोअर्ड’ला काही अर्थ नाही, स्कॅन मूळ निगेटिव्हवरून केलंय का, ते वाचा.

चौथी_चौकट
त्याआधी टीव्ही सरळ करा, नाहीतर डिस्कला उगाच बोल लागेल. मोशन स्मूदिंग (मधल्या चौकटी बनवून हालचाल गुळगुळीत करणं), नॉइज रिडक्शन, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद. शार्पनेस कडेच्या रेघा जाईपर्यंत खाली. बऱ्याच टीव्हींवर तो शून्य, काहींवर मधला आकडा. ‘हिज गर्ल फ्रायडे’ला दोन्ही बाजूंना काळे पट्टे हवेतच (रुंदी-उंचीचं प्रमाण १.३७:१). पडदा भरला असेल तर चित्र ताणलंय किंवा डोकी कापलीत.

आणि ‘शराड’ ११३ मिनिटांचा. पाल (PAL, युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर साधारण एकशे साडेआठ मिनिटं दिसली तर कात्री लागलेली नाही. सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी धावतात, त्याने आवाजही किंचित चढतो.

धूसर_पडदा
शार्पनेस ५०वर होता, शून्यावर आणल्यावर रेघा गेल्या. पण ब्लू-रेवरही एक दृश्य दुसऱ्यात विरघळताना चित्र एकदम मऊ पडतं. डिस्क खराब?

रीळ_क्र_४
नाही. असे डिझॉल्व ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्मवर चित्र उतरवणारं यंत्र) बनायचे, म्हणजे तेवढा तुकडा निगेटिव्हची नक्कल असतो. दृश्य बदलून संपलं की चित्र पुन्हा टोकदार होतं ना? मग ठीक. मोटारीतल्या गप्पांमागचा रस्ताही मऊच असणार, तो मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने टाकलेला आहे. ‘टू कॅच अ थीफ’ आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ला मात्र सूट देऊ नका. दोन्ही व्हिस्टाव्हिजनमध्ये टिपलेत: ३५ मिमी फिल्म आडवी धावते, एका चौकटीला ८ छिद्रं, त्यामुळे निगेटिव्ह बरंच मोठं. त्यांतलं बाहेरचं, उन्हातलं साधं दृश्य मऊ आलं तर ती आवृत्ती घेऊ नका.