प्रतिसाद: नक्कल खरी, पण फॅमिकॉमची

वर म्हटलंय की आपल्याकडचे 'टीव्ही गेम' (टीव्हीला जोडून खेळायचे कन्सोल) म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या अमेरिकेतल्या एनईएस या कन्सोलची नक्कल, त्यांना कन्सोलच्या इतिहासात जागा नको. मला हे अजिबात पटत नाही. नक्कल होती ती फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्याच जपानातल्या कन्सोलची, आणि हा फरक मोठा आहे. निन्टेन्डोचे अभियंते मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली घडलेला फॅमिकॉम जुलै १९८३मध्ये जपानात आला, एनईएस १९८५मध्ये अमेरिकेत. एनईएसची कॅसेट ७२ पिनांची, शिवाय परवाना नसलेली कॅसेट अडवणारी चिप आत. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची आणि अशी चिपच नाही. त्यामुळे त्याची नक्कल करणं कितीतरी सोपं.

ठाण्यात नौपाड्याला आमच्या घरी अशा नकली कन्सोलची एक पिवळी कॅसेट अजून आहे. उघडली की आत सर्किटची छोटी हिरवी पट्टी आणि चिपवर डांबरासारखा काळा ठिपका. लेबलवर गेमची भलीमोठी संख्या, प्रत्यक्षात मोजकेच गेम. तेच पुन्हा दुसऱ्या नावाने, पुढच्या लेव्हलपासून. पण त्यातला सुपर मारिओ बघा! अख्खा गेम ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला ढग आणि झुडपं यांचं चित्र एकच, फक्त रंग वेगळा. हे अस्सल कसब ठाणे-कळव्यातल्या कितीतरी पोरांनी या नकलेवरच पाहिलं. ते इतिहासातून वगळायचं कसं?

आणि जुनी कॅसेट काढलीत तर कृपया फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा.