विगेलान सहल: सोमवारी म्युझियम बंद, आता काय?

सहल समिती:
मंडळी, शरद सुट्टीतल्या सोमवारी ठरल्याप्रमाणे ऑस्लोच्या फ्रोग्नर पार्कात जमतोय. अडचण एकच, तिथल्या पुतळ्यांच्या शिल्पकाराचं विगेलान म्युझियम सोमवारी बंद असतं. पार्काला ना वेळ ना तिकीट, तेव्हा डबे आणि खेळ होतीलच. म्युझियम गाळायचं की सहल रविवारी घ्यायची? आज रात्रीपर्यंत कळवा.

खजिनदार:
रविवार जमणार नाही. सकाळी बालनाट्याची तालीम आहे, हॉलचं भाडं भरून झालंय. मागच्या वर्षी तालीम पुढे ढकलल्यावर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. आणि आत आहे काय? पार्कातल्याच पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला. तिकिटाचे पैसे तरी वाचतील.

लायब्ररीवाल्या ताई:
खजिनदारसाहेब, नकला म्हणू नका, क्रम नेमका उलटा आहे. गुस्ताव विगेलान मातीत घडवायचा, त्यावरून प्लास्टर निघायचं आणि प्लास्टरवरून मापं घेत कारागीर ग्रॅनाइट कोरायचे. पार्कातला उंच खांब, मोनोलिथच घ्या. 14 मीटरचा अखंड दगड, 121 आकृत्या. तिघा पाथरवटांनी 1929 पासून जवळजवळ 14 वर्षं तो कोरला. विगेलानचा स्वतःचा हात बघायचा तर म्युझियमच गाठायला हवं. मोनोलिथचं पूर्ण मापाचं प्लास्टर तिथे तीन भागांत ठेवलंय. पार्कात मान दुखेपर्यंत वर बघून जे दिसत नाही, ते तिथे समोर येतं. माझे सासरे पार्कात लगेच कंटाळले होते, पण मोनोलिथच्या टोकावरची लहान मुलं जवळून दिसल्यावर तिथून हलेनात.

ग्रोरुदची वहिनी:
रविवारीच जायचं तर स्लेम्दालचं विगेलान म्युझियम का नको? ते रविवारी उघडतं.

माजी अध्यक्ष:
वहिनी, ते धाकट्या भावाचं, एमानुएलचं. आत जवळजवळ अंधार, बारीकसा आवाजही घुमत राहतो. पोरांना घेऊन तिथे नको. आणि आपल्या म्युझियमला नुसती इमारत समजू नका. 1921च्या कराराने पालिकेने विगेलानला हा स्टुडिओ आणि राहायला घर दिलं, बदल्यात त्याने आपलं काम शहराला दिलं. 1943मध्ये तो गेला, त्याच्या अस्थी तिथल्याच मनोऱ्यात आहेत. 1947 साली म्युझियम सुरू झालं. नोबेल शांतता पुरस्काराचं पदकही त्यानेच घडवलेलं, हे मुलांना जरूर सांगा. आमच्या काळात तारीख पक्की करण्याआधी वेळापत्रक बघायची पद्धत होती, ती पुन्हा सुरू करावी.

बालनाट्यवाली मावशी:
अंधाराचं सोडा. पार्कातले बहुतेक पुतळे विवस्त्र आहेत, नव्या पालकांना कोणी कल्पना दिली आहे का? माझी स्वतःची हरकत नाही, माझी मुलं तर रागावलेल्या मुलाच्या पुतळ्यापाशीच रेंगाळतात. पण ऐनवेळी कुणी नाराज होऊ नये. तालीम मात्र हलणार नाही, एवढं नक्की.

खजिनदार:
पालकांना मी लिहितो. ताई, माती आधी आणि दगड नंतर हे पटलं. पण म्युझियमचं तिकीट ज्याचं त्याने काढावं, मंडळाच्या खात्यातून नाही.

लायब्ररीवाल्या ताई:
चालेल. रविवारी तालीम संपली की मी थेट म्युझियमला निघते. ज्यांना यायचंय त्यांनी हॉलच्या दारात थांबा, 12 नंबरची ट्राम घेऊ.

ग्रोरुदची वहिनी:
मग सोमवारचे डबे कायम ना? मी पुरणपोळ्यांचं कबूल केलंय.