चारही कॉइल? आधी अदलाबदल करून बघा

भाऊ, वर्धा रोडवर सिग्नलहून उचलताना गाडी झटके मारते आणि मेकॅनिक चारही इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देतात त्या) बदला म्हणतो, असं वर लिहिलंय तुम्ही. थांबा जरा. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. गाडीला स्कॅनर लावल्यावर पी०३०२ हा एरर कोड आला तर मिसफायर (म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं) दुसऱ्या सिलिंडरमध्ये. त्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०३ आला तर कॉइलच गेली, तेवढीच बदला. पुन्हा पी०३०२च आला तर दुसऱ्याचा प्लग बघा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच बाहेर पळतेय. इंजिन मात्र पूर्ण थंड होऊ द्या (नागपूरच्या मे महिन्यात बसा वाट बघत!), गरम ॲल्युमिनियम हेडमधून (इंजिनचा वरचा भाग) प्लग काढला तर आटे जातात. आणि इरिडियम प्लगला पॉलिश पेपर अजिबात लावू देऊ नका.