मदत हवी आहे: ओपन ॲक्सेसची फी लायब्ररी भरते का?

मंडळी, पेपर ॲक्सेप्ट झालाय, पण ओपन ॲक्सेसच्या (म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता येण्याच्या) फॉर्मवर एपीसीचा, म्हणजे त्यासाठी पब्लिशरला द्यायच्या फीचा, आकडा बघून पोटात गोळाच आला. लायब्ररीचा पब्लिशरशी करार असेल तर फी लागत नाही म्हणे, पण त्याला बहुतेक वेळा करस्पाँडिंग ऑथर (पब्लिशरशी पत्रव्यवहार करणारा लेखक) आपल्याच युनिव्हर्सिटीचा लागतो आणि आमचा नेमका दुसरीकडचा आहे, मग काय करायचं? दुसरा मार्ग रिपॉझिटरीचा, म्हणजे पेपर ऑनलाइन संग्रहात सगळ्यांसाठी ठेवायचा, तिथे सहसा पब्लिशरची पीडीएफ चालत नाही, रिव्ह्यूनंतर आपण दुरुस्त केलेली शेवटची वर्ड फाइल लागते, ती सापडली एकदाची! पण एम्बार्गो (पेपर तिथे खुला करण्याआधी थांबायचा काळ) सहा महिन्यांचा की बारा, हे लायब्ररीवाले तपासून देतात का? कोणी केलंय का असं? वर्गणी न परवडणाऱ्यांनाही हा पेपर वाचता यावा असं मनापासून वाटतं. कॉपीराइटवर सही करायच्या आधी सांगा प्लीज.