‘इंजिन सगळ्या चाली बघतं’ हे एकदा तरी खोडायलाच हवं

विश्रामबागचा उंट:
काल घोडेस्वार सरांनी बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी इंजिनबद्दल, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, सल्ला टाकला: "इंजिन म्हणजे नुसती आकडेमोड. ते सगळ्या चाली बघतं. मशीन जेवढं भारी तेवढं खोल दिसणार, तेव्हा मुलाला पुढे न्यायचं तर आधी चांगला लॅपटॉप घ्या." खाली पंधरा-वीस अंगठे. मला हे वाचून राहवलं नाही.

सगळ्या चाली बघणारं इंजिन मी स्वतः लिहिलंय. प्रत्येकाचं पहिलं इंजिन तसंच असतं. सुरुवातीच्या पटावर २० चाली, काळ्याचं उत्तर धरून ४००, पुढे ८,९०२, मग १,९७,२८१, पाचव्या अर्धचालीला (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धचाल) ४८,६५,६०९ आणि सहाव्याला ११,९०,६०,३२४. लिहिणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात, कारण कोडमध्ये नियमाची कुठे चूक असली की ते जुळत नाहीत. आणि ही झाली मोहरी अडकून पडलेली असतानाची गोष्ट. डाव मोकळा झाला की एका स्थितीत साधारण ३५ चाली धरतात. तिथून सहा अर्धचाली पूर्ण बघायच्या तर १८३ कोटींच्या वर स्थिती. आता अल्फा-बीटा ही छाटणीची पद्धत लावा आणि प्रत्येक ठिकाणी चांगली चाल आधी तपासायला घ्या. आकडा होतो ८५,७४९. उत्तर तेच. त्यात काडीचा फरक नाही.

कारण साधं आहे. वजीर शाबूत राहील अशी एक चाल मला आधीच सापडलीय. आता मी उंटाची चाल तपासतोय आणि समोरच्याच्या पहिल्याच उत्तराला माझा वजीर पडतोय. मग त्याच्याकडे आणखी तीस उत्तरं कोणती आहेत हे कशाला बघू? ती चाल तिथेच बाद. क्नूथ आणि मूर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये याचं पक्कं गणित मांडलं: क्रम उत्तम लागला तर तेवढ्याच कामात जवळपास दुप्पट खोली मिळते.

आणि न छाटता? ३५ पट वेगवान मशीन घ्या, फक्त एक अर्धचाल पुढे सरकाल. दुप्पट वेगाचा लॅपटॉप घेतलात तर अर्धचालीचा पाचवा हिस्सा. सरांचं वाक्य खरं असतं तर त्या लॅपटॉपचे पैसे पाण्यात गेले असते. आपल्या जिल्ह्यात तरी हे सांगावं लागू नये. तासगावची द्राक्षबाग बघा, नको त्या काड्या काढून टाकल्या की घड येतो.

घोडेस्वार:
मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय. माझं एक वाक्य उचलून असं बोलणं बरं नव्हे. १९९७ ला आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवलं. त्यात बुद्धिबळासाठी खास बनवलेल्या ४८० चिप होत्या, सेकंदाला २० कोटी स्थिती. जगज्जेत्याला हरवायला मशीनच लागलं ना? तुमचं गणित कागदावर छान आहे.

विश्रामबागचा उंट:
सर, डीप ब्लूच्या पोटातही अल्फा-बीटाच होतं. त्याशिवाय २० कोटींचाही पाचोळा झाला असता. आणि २०१७ चं गुगलच्या डीपमाइंडचं अल्फाझीरो विसरलात? ते सेकंदाला ८० हजार स्थिती बघत होतं, समोरचं स्टॉकफिश इंजिन ७ कोटी. १०० डावांत अल्फाझीरो २८ जिंकलं, एकही हरलं नाही. कमी बघणाऱ्याने जास्त बघणाऱ्याला हरवलं.

घोडेस्वार:
आणि ते चाललं कशावर? गुगलच्या चार खास प्रोसेसरवर. ते का नाही सांगत?

पटावरची आई:
मला यातलं निम्मं कळलं नाही, पण लॅपटॉपचा विषय निघालाच आहे तर बोलते. आमच्या मुलाच्या क्लासमध्ये (नाव घेत नाही) सांगितलं, जुन्या कॉम्प्युटरवर इंजिन "उथळ" चालतं, मुलाचं नुकसान होईल. आम्ही हप्त्यावर लाखाचा लॅपटॉप घेतला. अजून सात हप्ते बाकी आहेत. मुलगा डाव हरून घरी येतो, दप्तर टाकतो, डाव मशीनवर चढवतो आणि कोण वरचढ आहे ते दाखवणारी कडेची ती पांढरी-काळी पट्टी बघत बसतो. पट्टी खाली गेली की म्हणतो, "इथे चुकलं." मी विचारते, का चुकलं? "इंजिन म्हणतंय." दहा वर्षांचा आहे. पूर्वी हाच मुलगा जेवताना वाटी-चमच्यांचे घोडे-उंट करून मला डाव समजावून सांगायचा.

आयर्विन पूल:
ताईंचं दुखणं खरं आहे, त्यावर मागाहून. आधी उंट यांना विचारतो, कारण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. अल्फा-बीटामध्ये जे गळतं ते गळावं असं सिद्ध करता येतं. मान्य. पण आजची इंजिनं तेवढ्यावर थांबतात का? नल मूव्ह आहे, यादीतल्या शेवटच्या चाली उथळ बघणं आहे. हा सगळा अंदाज आहे. त्याला छाटणीचं पवित्र नाव देऊ नका.

नल मूव्ह म्हणजे काय? समोरच्याला एक चाल फुकट द्यायची. तरीही आपलं बरं चाललंय असं दिसलं तर पुढे बघायचंच नाही. आता हा पट मांडा: पांढरा राजा एफ५, प्यादं ई४. काळा राजा डी४, प्यादं ई५. ज्याच्यावर खेळायची पाळी तो मेला. राजा हलवला की प्यादं गेलं, आणि प्याद्याबरोबर डाव. इथे चाल फुकट मिळणं हीच शिक्षा आहे. यालाच झुगझ्वांग म्हणतात आणि नल मूव्ह नेमकं इथेच आंधळं होतं.

बुद्धिबळ गावात रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत मी खेळ शिकलो. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. प्याद्यांचे शेवट आम्ही पाटावर बसून रात्र-रात्र घोटले, "साधारण बरं दिसतंय" म्हणून कधी सोडून दिलं नाही. आणि इतिहास बघा. गणितज्ञ शॅननने १९५० मध्येच दोन वाटा सांगितल्या होत्या: सगळं बघा किंवा निवडक बघा. बोट्विनिक जगज्जेता, त्यात इंजिनिअर, त्याने निवडक बघणाऱ्या प्रोग्रॅमवर कित्येक वर्षं घालवली. पण पुढे कोण गेलं? १९७३ ला चेस ४.० या प्रोग्रॅमने निवडानिवड टाकून दिली, सगळ्या चाली अल्फा-बीटाने बघायला सुरुवात केली आणि तेच वरचढ ठरलं. अंदाजाने छाटणारे तेव्हा हरलेत.

विश्रामबागचा उंट:
तुमचा पट बघून पोटात खड्डा पडला, कारण माझ्याबरोबर हेच झालंय. नल मूव्ह घातल्यावर माझं इंजिन इतकं वेगात धावायला लागलं की मी आनंदाने धाकट्या भावाला खेळायला बसवलं. बरोबरीचा शेवट, पटावर फक्त राजे आणि प्यादी. इंजिन ठामपणे सांगतंय की आपण बरे आहोत, आणि तीन चालींत प्यादं घालवून बसलं. दोन रात्री मी चूक मूल्यमापनात शोधत होतो. चूक एका ओळीची होती: प्याद्यांच्या शेवटात नल मूव्ह बंद करायलाच विसरलो होतो. जाणती इंजिनं ते बंद करतात. म्हणून "अंदाज" हा शब्द मी मान्य करतो. पण डोळे मिटून मारलेला अंदाज नाही तो. १९७३ च्या आधीची निवड चाल बघायच्या आधीच व्हायची, "ही बरी दिसत नाही" म्हणून. आजचं इंजिन आधी थोडं बघतं, मग सोडतं.

द्राक्षवाला तासगाव:
उंटदादा, बुद्धिबळ मला येत नाही, पोरामुळं इथं आहे. पण आमच्या बागेचं उदाहरण दिलंय ते साफ चुकीचं. "नको त्या काड्या काढून टाकल्या की घड येतो" असं कुणी सांगितलं? घड ठरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, काडीच्या डोळ्यात (जिथनं कोंब फुटतो तिथं), दिसायच्या कितीतरी आधी. ऑक्टोबरला आपण फक्त कुठल्या डोळ्यावर कात्री मारायची ते ठरवतो. एक डोळा चुकला तर वर्ष गेलं. कचरा काढणं नव्हे ते.

विश्रामबागचा उंट:
दादा, मी ढोबळ उदाहरण दिलं होतं.

द्राक्षवाला तासगाव:
ढोबळच नको. कर्ज काढून बाग उभी करतो आम्ही.

मिरज पूर्व:
छाटणीचा विषय निघालाच आहे तर ती आगाप (वेळेआधीची) छाटणी आधी बंद करा. ऑगस्टमध्ये कात्री लावायची, वर पाऊस, मग डावणी रोग. औषधाचा खर्च निघत नाही आणि आमच्या शिवारापर्यंत रोग येतो.

द्राक्षवाला तासगाव:
आगाप घेणाऱ्याला दर मिळतो म्हणून घेतो तो. तुमच्याकडं पाणी उशिरा आलं, त्याचा राग आमच्यावर का? मी स्वतः दोन वर्षं आगाप घेतली. एक वर्ष पोरीचं लग्न त्यावर झालं. दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस लागला आन् घडाचे नुसते देठ राहिले, सकाळी बागेत पाय टाकवत नव्हता. जोखीम आहे, ती माझी.

मिरज पूर्व:
रोग बांध बघून थांबत नाही, दादा. जोखीम तुमच्या एकट्याची नसते.

पटावरची आई:
अहो, पण डोळ्यात घड आहे की नाही हे छाटायच्या आधी कळतं कसं?

द्राक्षवाला तासगाव:
ताई, बागेतनं नमुन्याच्या काड्या काढून तपासायला देतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक डोळा चिरून बघतात. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं की त्याच्या वर कात्री. आन् शंका आली तर पुन्हा काड्या न्यायच्या, आळस करायचा नाही.

विश्रामबागचा उंट:
दादा, माझं उदाहरण मागे घेतो, तुमचं घेतो. शेवटच्या चाली उथळ बघणं म्हणजे हीच काडीतपासणी. रांगेतल्या मागच्या चालींना इंजिन पूर्ण खोली देत नाही, वरवर चिरून बघतं. त्यातली एखादी अपेक्षेपेक्षा बरी निघाली की तीच चाल पूर्ण खोलीवर पुन्हा तपासतं. आयर्विनकाका, तपासल्यावर मारलेली कात्री आहे ही.

आयर्विन पूल:
नमुन्यात नसलेल्या काडीत घड असू शकतो. तेवढं मी सोडणार नाही. पण शंका आली तर पुन्हा बघतात, एवढं मान्य.

घोडेस्वार:
आता माझं ऐका. रात्री बसून तुमचाच हिशोब पुन्हा केला. सगळं बघणाऱ्या इंजिनला दुप्पट वेगाचा काही उपयोग नाही, बरोबर. पण या सगळ्या छाटण्यांनंतर आजच्या इंजिनला एक अर्धचाल पुढे जायला काम किती पट लागतं? दोनच्या आसपास. म्हणजे दुप्पट वेगाच्या मशीनवर जवळजवळ एक अख्खी अर्धचाल मिळते. तुमच्या छाटणीनेच माझ्या लॅपटॉपची किंमत वाढवली. "सगळ्या चाली बघतं" हे चुकीचं लिहिलं, ते मागे घेतो. मशीनने फरक पडतो, हे घेत नाही.

विश्रामबागचा उंट:
हे मला सुचलं नव्हतं. हिशोब बरोबर आहे आणि मान्य करताना त्रास होतोय. वेगाची किंमत छाटणीमुळे वाढते, कमी होत नाही. माझं पहिल्या पोस्टमधलं शेवटचं गणित आजच्या इंजिनला लागू नाही.

पण ती एक अर्धचाल दहा वर्षांच्या पोराच्या काय कामाची? त्याचा डाव पुढच्या दोन चालींत घोडा फुकट गेल्याने हरतो. ते जुन्या फोनवरचं इंजिनही क्षणात दाखवतं. इंजिनची विसावी अर्धचाल की एकविसावी, यासाठी ताईंनी हप्ते भरावेत, हे मला पटत नाही.

घोडेस्वार:
लहान मुलांसाठी गरज नाही, हे लिहायला हवं होतं. माझ्याकडच्या पालकांना तसं सांगेन.

पटावरची आई:
हप्ते तर भरावेच लागणार. पण आज संध्याकाळी लॅपटॉप मिटवून ठेवला आणि आयर्विनकाकांचा तो पट लाकडी पटावर मांडला. एफ५, ई४, डी४, ई५. चारच मोहरी. मुलाला विचारलं, कोण जिंकतं? त्याने बराच वेळ बघितलं, एका राजाला बोट लावलं, मागे घेतलं. मग दुसऱ्या राजाला लावलं, तेही मागे घेतलं. मग म्हणाला, "आई, आधी सांग, पाळी कुणाची आहे?"