पेनांगच्या शेजाऱ्यांचे नववर्ष : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

मुक्ता (पेनांग): सर्वांना नमस्कार. येथे मलेशियातील पेनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहरात आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या होक्कियन (मूळ चीनच्या फूज्यान प्रांतातल्या) कुटुंबाने चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी मला घरी बोलावले आहे. सोबत काय न्यावे? शिवाय त्यांच्या आजी दोनदा म्हणाल्या की आमचा खरा सण नवव्या दिवशी असतो, त्याचा मला अर्थ लागला नाही. माईआत्या, तू बारा वर्षे सिंगापुरात होतीस, तेव्हा तूच सांग.

माईआत्या: मुक्ता, संत्री ने, ती जोडीने आणि दोन्ही हातांनी दे. कँटोनीज बोलीत या संत्र्याच्या नावाचा उच्चार सोन्यासारखा होतो, म्हणून त्याला हा मान आहे. निघताना तेही तुला दोन संत्री देतील. आपण शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाही, तसेच ते समज. चार हा आकडा मात्र टाळ, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. पहिल्या वर्षी मी हौसेने मोजून चार बेसनाचे लाडू नेले होते. यजमानीणबाईंनी हसतमुखाने एक लगेच तोंडात टाकला आणि मगच डबा आत नेला. त्यामागचे कारण मला पुढच्या वर्षी कळले. तुझे लग्न झालेले नसल्यामुळे तुला पैशांचे लाल पाकीट मिळेल, ते त्यांच्यासमोर उघडू नकोस.

अण्णाकाका: पंचांग पाहता हा दिवस बहुतेक वर्षी माघ शुद्ध प्रतिपदेच्या आसपास, म्हणजे आपल्या पाडव्याच्या साधारण दोन महिने आधी येतो. त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात, म्हणून इंग्रजी तारीख २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान सरकत राहते. त्या हिशेबाने आजींचा नववा दिवस म्हणजे माघ शुद्ध नवमी झाली.

माईआत्या: अण्णा, हिशेब बरोबर आहे. त्या दिवशी होक्कियन लोक थी कोंग, म्हणजे स्वर्गाधिपती, याचा जन्मदिवस साजरा करतात. शत्रूच्या सैन्यापासून जीव वाचवण्यासाठी आपले पूर्वज उसाच्या फडात लपले आणि याच दिवशी सुखरूप बाहेर आले, अशी त्यांची कथा आहे. म्हणून पूजेच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी पानांसकट अख्खे ऊस बांधतात. तुळशीच्या लग्नातला आपला मांडवच आठवतो. मुक्ता, आठव्या दिवशी मध्यरात्रीच्या आधी च्यू जेटी या पाण्यावर खांबांवर उभ्या असलेल्या वस्तीजवळ जा. तेथे समुद्राजवळ रस्त्याच्या कडेने टेबलांची रांग लागते, त्यांवर कासवाच्या आकाराचे लाल गोड पदार्थ आणि भाजलेली अख्खी डुकरे असतात, आणि शेवटी सोनेरी कागदांबरोबर ते ऊसही अग्नीत जातात.

समीर: आत्या, मग चीनमध्येही हे सगळे असेच चालते का?

माईआत्या: सगळे नाही, आणि मला त्यातच गंमत वाटते. कच्च्या मासळीची पातळ कापे आणि बारीक किसलेल्या भाज्या यांची कोशिंबीर सगळ्यांनी उभे राहून चॉपस्टिक्सनी उंच उडवायची, हा प्रकार आज ज्या थाटात होतो तो १९६० च्या दशकात सिंगापूरच्या हॉटेलांतून रूढ झाला. तेथे १९७० साली फटाक्यांमुळे सहा माणसे दगावली, १९७२ साली फटाक्यांवर पूर्ण बंदी आली आणि सण सुना वाटू नये म्हणून १९७३ पासून चिंगे नावाची मिरवणूक सुरू झाली, जिच्यात आज मलाय आणि भारतीय पथकेही नाचतात.

मुक्ता: आभारी आहे, आत्या. संत्री दोन नेते आणि लाडू आठ.